ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्स सोडून केवळ ऑन-डिमांड कार्यक्रम कसे पाहावेत

ब्रिटनमध्ये नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दारात जी पहिली चार-सहा पाकिटे पडतात, त्यांत कौन्सिल टॅक्स, वीज आणि पाण्याच्या बिलांबरोबर टीव्ही लायसन्सचे पत्रही बहुधा असतेच. आपल्यापैकी बरेच जण हा आणखी एक कर आहे असे समजून डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता, चालू करून टाकतात आणि नंतर वर्षानुवर्षे त्याकडे वळूनही पाहत नाहीत. काही जण याच्या उलट, ‘आम्ही बीबीसी पाहतच नाही, मग पैसे कशाचे’ असे म्हणून पत्र कचऱ्यात टाकतात आणि संध्याकाळी स्काय या सशुल्क टीव्ही सेवेवर क्रिकेटचा सामना लावून बसतात. पहिल्या घरातून पैसा विनाकारण जातो, तर दुसऱ्या घरात नकळत कायदा मोडला जातो. लायसन्स सोडणे पूर्णपणे कायदेशीर आहे आणि त्याची पद्धतही अवघड नाही. मात्र ते सोडल्यानंतर घरातल्या प्रत्येकाने काय पाहायचे आणि काय पाहायचे नाही, याची रेघ आधी नीट आखून घ्यावी लागते, आणि या कामातला कठीण भाग तोच आहे.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला लायसन्स ही कल्पना नवी नाही. रेडिओचे लायसन्स म्हणून पोस्टातून मिळणारी छोटी पुस्तिका, तिच्यात दरवर्षी चिकटवली जाणारी तिकिटे आणि त्यांच्यावर बसणारा टपालखात्याचा शिक्का हे माझ्या वडिलांच्या कपाटात मी स्वतः पाहिलेले आहे. भारतात ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. ब्रिटनमध्ये रेडिओचे दहा शिलिंगांचे लायसन्स १९२२ मध्ये सुरू झाले, १९४६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी दोन पौंडांचे लायसन्स आले, आणि १९७१ मध्ये केवळ रेडिओसाठी असलेले लायसन्स रद्द झाले. टीव्हीचे लायसन्स मात्र आजही चालू आहे. रंगीत टीव्हीसाठी एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेली फी वर्षाला १७४.५० पौंड, म्हणजे महिन्याला साधारण साडेचौदा पौंड होती. ही रक्कम एप्रिलमध्ये महागाईनुसार बदलते, म्हणून निर्णय घेताना चालू वर्षाचा आकडा पाहून घ्यावा. गोळा झालेल्या पैशांतला फार मोठा भाग बीबीसीला जातो. त्यामुळे लायसन्स न घेणे म्हणजे कोणाची फसवणूक करणे नव्हे, तशीच ती फुशारकी मारण्याचीही गोष्ट नव्हे. लायसन्स लागेल असे काही आपल्या घरात पाहिले जात असेल तर पैसे भरावेत आणि पाहिले जात नसेल तर भरू नयेत, एवढाच व्यवहार आहे.

कायदा नेमका काय म्हणतो

कम्युनिकेशन्स ॲक्ट, २००३ या कायद्याच्या ३६३ व्या कलमानुसार लायसन्सशिवाय ‘टेलिव्हिजन रिसीव्हर’ बसवणे किंवा वापरणे हा गुन्हा आहे. रिसीव्हर म्हणजे काय, हे २००४ च्या नियमांत सांगितले आहे, आणि तिथली व्याख्या उपकरणावर नव्हे तर वापरावर बेतलेली आहे. भिंतीवरचा ५५ इंची टीव्ही केवळ नेटफ्लिक्ससाठी वापरला जात असेल, तर कायद्याच्या भाषेत तो रिसीव्हर ठरत नाही. उलट हातातल्या मोबाइलवर कोणतीही वाहिनी थेट पाहिली, तर तो मोबाइल रिसीव्हर ठरतो. म्हणून ‘आमच्याकडे टीव्हीच नाही, सगळे लॅपटॉपवर पाहतो’ हे लायसन्स न घेण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि ‘घरात टीव्ही आहे म्हणजे लायसन्स घ्यावेच लागेल’ ही भीतीही निराधार आहे.

लायसन्स दोन कारणांनी लागते. पहिले कारण म्हणजे कोणतीही वाहिनी, कोणत्याही मार्गाने, प्रक्षेपणाच्या वेळीच पाहणे किंवा रेकॉर्ड करणे. इथे ‘कोणतीही’ या शब्दावर जोर आहे: बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४, स्काय, व्हर्जिन, परदेशी वाहिन्या आणि इंटरनेटवरून येणाऱ्या थेट वाहिन्या या सगळ्या त्यात आल्या. कार्यक्रम थोडा वेळ थांबवला, मागे नेऊन पाहिला किंवा एक तास उशिराने चालणाऱ्या ‘प्लस वन’ वाहिनीवर पाहिला, तरी तो थेटच धरला जातो. दुसरे कारण म्हणजे बीबीसी आयप्लेअर, म्हणजे बीबीसीचे कार्यक्रम इंटरनेटवरून दाखवणारी सेवा. १ सप्टेंबर २०१६ पूर्वी आयप्लेअरवर जुने भाग लायसन्सशिवाय पाहता येत असत; त्या तारखेपासून आयप्लेअरवरील थेट, जुने आणि डाउनलोड करून ठेवलेले सर्व कार्यक्रम लायसन्सच्या कक्षेत आले. वेल्श भाषेतील एस४सी वाहिनीच्या जुन्या कार्यक्रमांना अपवाद आहे, पण आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचा उपयोग होईल.

या दोन गोष्टी वगळल्या की उरलेले सगळे मोकळे आहे. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ आणि डिस्ने प्लसवरील चित्रपट व मालिका, आयटीव्हीएक्स, चॅनल ४ आणि ५ यांच्या ॲपवरील आधी प्रक्षेपित झालेले भाग, झी५ वरच्या मराठी मालिका, यूट्यूबवरचे ध्वनिचित्रित कार्यक्रम आणि डीव्हीडी यांतल्या कशालाच लायसन्स लागत नाही. बीबीसीची जी मालिका नेटफ्लिक्सवर आलेली आहे, ती तिथे पाहायलाही लायसन्स नको. बीबीसीचा रेडिओ आणि ‘बीबीसी साउंड्स’ हे ॲप लायसन्सशिवाय ऐकता येते, आणि ही गोष्ट क्रिकेटवेड्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे: १९५७ पासून चालत आलेले ‘टेस्ट मॅच स्पेशल’ हे चेंडूगणिक समालोचन एक पैसाही न देता ऐकता येते. मुलांच्या अभ्यासासाठीचे ‘बीबीसी बाइटसाइझ’ही असेच मोकळे आहे.

ज्या सेवा बहुतांशी ऑन-डिमांड, म्हणजे हवे तेव्हा कार्यक्रम लावून पाहण्याच्या, म्हणून ओळखल्या जातात, त्यांच्यावरच्या थेट कार्यक्रमांबाबत मात्र सावध राहावे लागते. प्राइम व्हिडिओवर फुटबॉलचा सामना किंवा नेटफ्लिक्सवर कुस्तीचा कार्यक्रम थेट चालू असताना पाहिला, तर त्यासाठी लायसन्स हवे. तोच सामना दुसऱ्या दिवशी ध्वनिचित्रित रूपात पाहिला, तर नको. सेवेचे नाव कोणते आहे यापेक्षा आपण त्या क्षणी पाहत असलेले दृश्य थेट आहे की नाही, हे महत्त्वाचे असते.

निर्णयाआधी एक महिना नोंद ठेवावी

माझे आग्रहाचे सांगणे असे, की अर्ज करण्याआधी चार आठवडे घरातल्या पाहण्याची नोंद ठेवावी. आम्ही फ्रिजवर चुंबकाने एक आखीव कागद लावला होता. त्यावर तारीख, कोणी पाहिले, कोणत्या ॲपवर पाहिले आणि थेट पाहिले की नाही, असे चार रकाने होते. नोंद सुरू करताना आम्हा नवराबायकोला खात्री होती की आपल्या घरात थेट काहीच पाहिले जात नाही. पहिल्या आठवड्यातच शेवटच्या रकान्यात सात खुणा झाल्या आणि त्या सगळ्या माझ्या आईच्या होत्या. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती खिडकीपाशी टॅब्लेट उभा करायची आणि यूट्यूबवर मराठी वृत्तवाहिनी लावायची. व्हिडिओच्या कोपऱ्यात लाल पट्टीत ‘लाइव्ह’ असे लिहिलेले असायचे, पण त्या पट्टीचा अर्थ तिला कधी कोणी सांगितला नव्हता, आणि आमच्याही ते ध्यानात आले नव्हते.

एबीपी माझा, टीव्ही९ मराठी यांसारख्या वाहिन्या यूट्यूबवर दिवसभर थेट चालू असतात. ते प्रक्षेपण यूट्यूबवरून मोफत मिळत असले, तरी वाहिनी चालू असतानाच ती पाहणे म्हणजे थेट टीव्ही पाहणेच होय, आणि ब्रिटनमधल्या घरात बसून ती पाहायला लायसन्स लागते. वाहिनी मुंबईतली आहे, बातम्या मराठीत आहेत आणि बीबीसीचा त्यात काही संबंध नाही, यातल्या कशानेही फरक पडत नाही. आईसाठी आम्ही मार्ग असा काढला की त्याच वाहिन्यांनी नंतर चढवलेली ध्वनिचित्रित बातमीपत्रे एका यादीत जमा करून ठेवायची. तासाभराने शिळ्या झालेल्या बातम्या पाहायला तिची हरकत नव्हती; लाल पट्टी दिसली की बोट लावायचे नाही, एवढा नियम तिने आठवडाभरात अंगवळणी पाडला. थेट प्रवाह संपल्यानंतर तोच व्हिडिओ ध्वनिचित्रित म्हणून पानावर राहिला, तर तो पाहायला हरकत नाही. मात्र चालू असलेला प्रवाह मागे ओढून पाहिला, तर तो थेटच समजावा.

गणेशोत्सवात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. एखादे मंदिर किंवा मंडळ आपल्या स्वतःच्या यूट्यूब पानावरून आरतीचे किंवा दर्शनाचे चित्रण थेट दाखवत असेल, तर ते कोणत्याही दूरचित्रवाणी वाहिनीचा भाग नसते, आणि त्यासाठी लायसन्स लागत नाही. गावाकडच्या भाच्याने लग्नाचे थेट चित्रण पाठवले, तर तेही तसेच. पण तीच विसर्जन मिरवणूक वृत्तवाहिनीच्या थेट प्रवाहात पाहिली, तर लायसन्स हवे. रेघ बारीक आहे, पण स्पष्ट आहे: कार्यक्रम वाहिनीचा आहे का आणि तो थेट आहे का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असेल तर लायसन्स लागते.

महिनाभराच्या नोंदीनंतर काही घरांना लायसन्स ठेवणेच योग्य वाटेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल आणि त्याचे निजणे-उठणे बीबीसीच्या सीबीबीज या लहान मुलांच्या वाहिनीवरील कार्यक्रमांवर चालत असेल, तर माझ्या मते लायसन्स सोडण्याची घाई करू नये. जाहिरातींशिवाय, इतक्या काळजीने बनवलेले लहान मुलांचे कार्यक्रम दुसरीकडे सहज मिळत नाहीत. आयपीएलचे दोन महिने ज्या घरात सामने थेट पाहिल्यावाचून चैन पडत नाही, त्या घरानेही मनाशी खरे बोलावे. स्कायचे ॲप, ‘नाउ’ ही इंटरनेट सेवा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने थेट सामना पाहिला, तरी लायसन्स लागतेच, आणि त्या सेवेला आपण वेगळे पैसे देतो म्हणून लायसन्सची सूट मिळत नाही.

पत्ता, भाडेकरार आणि विद्यार्थी

लायसन्स माणसाला किंवा टीव्ही संचाला मिळत नाही, ते पत्त्याला मिळते. एका घरात पाच पडदे असले तरी एकच लायसन्स पुरते, आणि म्हणूनच ते सोडताना त्या पत्त्यावरच्या प्रत्येकाची जबाबदारी येते. चार मित्रांनी मिळून एकच भाडेकरार केला असेल तर साऱ्या घराला एक लायसन्स चालते, त्यामुळे ते सोडायचे तर चौघांनीही थेट पाहणे आणि आयप्लेअर बंद करायला हवे. प्रत्येकाचा भाडेकरार स्वतंत्र, म्हणजे खोलीपुरता असेल, तर सहसा प्रत्येक खोली वेगळी धरली जाते आणि प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यायचा असतो. म्हणून पहिल्यांदा भाडेकरार काढून वाचावा. तोंडी समजुतीवर विसंबू नये.

भारतातून शिकायला आलेल्या मुलामुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. इथल्या विद्यार्थ्यांना एक सवलत आहे: आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल, तर वसतिगृहात स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या आणि विजेच्या प्लगला किंवा एरियलला न जोडलेल्या उपकरणावर थेट कार्यक्रम पाहता येतो. ब्रिटिश वर्गमित्र हीच सवलत वापरत असतो आणि ‘लॅपटॉपला काही लागत नाही’ असे सहज सांगून जातो. आपले आईवडील पुण्यात किंवा कोल्हापुरात असल्यामुळे ती सवलत आपल्याला लागू होत नाही. थेट पाहायचे असेल तर आपल्या खोलीचे लायसन्स घ्यावे, नाहीतर केवळ ऑन-डिमांड पाहावे.

घराची तयारी

कायद्याने एरियलची वायर काढण्याची किंवा टीव्ही विकण्याची सक्ती नाही. तरीही मी वायर काढण्याचा सल्ला देतो, कारण सवयीने चालणारा हात नियमांची आठवण ठेवत नाही. बहुतेक टीव्ही चालू होताच शेवटची पाहिलेली वाहिनी लावतात. म्हणून प्रथम टीव्हीच्या मागची एरियलची किंवा डिशची वायर काढावी. मग सेटिंगमध्ये जाऊन साठवलेल्या वाहिन्यांची यादी पुसावी, आणि टीव्ही चालू झाल्यावर लगेच ॲपचे मुखपृष्ठ दिसेल अशी व्यवस्था करावी. आयप्लेअरचे ॲप टीव्ही, मोबाइल आणि टॅब्लेट या तिन्हींवरून काढून टाकावे. ब्रॉडबँडवरून वाहिन्या देणारे नवे टीव्ही आणि बॉक्सही असतात; त्यांना एरियल लागत नसल्यामुळे वायर काढून काम भागत नाही, तिथे वाहिन्यांचे ॲपच बंद करावे लागते.

स्काय किंवा व्हर्जिनचा बॉक्स असेल तर तो करार आधी संपवणे शहाणपणाचे, कारण त्या बॉक्सचा मुख्य उपयोगच थेट पाहण्यासाठी आणि रेकॉर्ड करण्यासाठी आहे. कराराची मुदत बाकी असेल तर ती संपेपर्यंत लायसन्स चालू ठेवावे. ब्रॉडबँड त्याच कंपनीचा असेल, तर टीव्हीचा भाग वगळून नवा दर काय पडेल हे लेखी मागून घ्यावे.

आयटीव्हीएक्स, चॅनल ४ आणि ५ ही ॲप मोफत आहेत आणि जाहिरातींवर चालतात. नाव, ईमेल आणि पोस्टकोड देऊन खाते उघडले की हजारो तासांचे कार्यक्रम मिळतात. मात्र या तिन्हींत ऑन-डिमांड आणि थेट वाहिन्या एकाच पानावर शेजारी शेजारी असतात, आणि लहान मूल किंवा वडीलधारे माणूस चुकून थेट वाहिनीवर जाण्याची खरी शक्यता इथेच असते. आमच्या घरी आम्ही मुलांना ॲपमधला ‘लाइव्ह’ हा विभाग दाखवून, तो उघडायचा नाही असे सांगून ठेवले, आणि पहिले काही आठवडे त्यांच्याशेजारी बसून पाहिले. पैसे देऊन घ्यायच्या सेवा एकदम दोन-तीन घेऊ नयेत. तसे केले तर लायसन्सचे वाचलेले साडेचौदा पौंड पहिल्याच महिन्यात संपतात. एक सेवा घ्यावी, तिच्यावरचे पाहायचे ते पाहून झाले की बंद करावी आणि मग दुसरी घ्यावी. ब्रॉडबँडचा वेग एका वेळी एकच पडदा चालू असेल तर साध्या हाय डेफिनिशन चित्रासाठी पाच एमबीपीएसही पुरतो. तीन पडदे एकदम चालणार असतील, तर त्या हिशेबाने जोडणी घ्यावी.

लायसन्स रद्द करण्याची पद्धत

आता प्रत्यक्ष अर्ज. हे काम टीव्ही लायसन्सिंगच्या अधिकृत संकेतस्थळावर दहा मिनिटांत होते. फोनने किंवा टपालानेही करता येते. लायसन्सचा क्रमांक, आडनाव आणि पोस्टकोड हाताशी ठेवावा. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा, ईमेलमधल्या दुव्यावरून जाऊ नये. ‘तुमचे लायसन्स संपले आहे, तातडीने पैसे भरा’ किंवा ‘तुम्हाला परतावा मिळणार आहे’ अशा खोट्या ईमेलनी या देशात अनेकांना फसवले आहे.

अर्जात लायसन्स रद्द करण्याचे कारण विचारले जाते. या पत्त्यावर कोणीही थेट टीव्ही पाहत किंवा रेकॉर्ड करत नाही आणि आयप्लेअर वापरत नाही, असे आपण घोषित करायचे असते. या घोषणेची अंमलबजावणी कोणत्या तारखेपासून, हे नीट ठरवावे: शेवटचा थेट कार्यक्रम पाहून झाल्यानंतरचीच तारीख द्यावी. अर्ज झाल्यावर जी पोच येते, ती ईमेलमध्ये राहू द्यावी आणि तिची छापील प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी.

अनेक जण नुसते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन डायरेक्ट डेबिट बंद करतात आणि काम झाले असे समजतात. ते पुरेसे नाही. हप्ता बंद झालेला तेवढा दिसतो, पण आपण पाहणे थांबवले आहे हे कुठेच नोंदले जात नाही, त्यामुळे थकबाकीची पत्रे सुरू होतात. आधी लायसन्स रद्द करावे, पोच हाती घ्यावी, आणि मग बँकेत डायरेक्ट डेबिटची नोंद शिल्लक असेल तर ती बंद करावी. वर्षाचे पैसे आधीच भरले असतील आणि लायसन्सचा किमान एक पूर्ण महिना बाकी असेल, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांच्या परताव्यासाठी त्याच वेळी अर्ज करता येतो. उदाहरणार्थ, १७४.५० पौंड भरलेल्या घराचे पाच पूर्ण महिने शिल्लक असतील तर साधारण ७३ पौंड परत मिळण्यासारखे असतात. महिना संपता संपता अर्ज करायचा असेल तर दोन-चार दिवस इकडचे तिकडे करून पाहावे, कारण अर्धवट महिना मोजला जात नाही.

घरात ७५ वर्षांवरील कोणी कायम राहत असेल, तर आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. त्या वयाच्या सर्वांना मिळणारे मोफत लायसन्स १ ऑगस्ट २०२० पासून बंद झाले. आता ते केवळ ‘पेन्शन क्रेडिट’, म्हणजे कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या घरांना मिळते. तीव्र दृष्टिदोष असलेल्या व्यक्तीला निम्मी सूट मिळते. मोफत लायसन्सचा हक्क असेल तर ते सोडण्याची गरजच उरत नाही.

नंतरची पत्रे आणि दारावरची भेट

घोषणा केल्यानंतर साधारण दोन वर्षे पत्रे थांबतात, आणि मग परिस्थिती तीच आहे का असे पुन्हा विचारले जाते. तेव्हा पुन्हा दोन मिनिटे देऊन घोषणा करून टाकावी. अशी घोषणा करण्याची कायदेशीर सक्ती नाही, परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांना ठळक अक्षरांतली ताकीद वाचून जो घोर लागतो, तो टाळण्यासाठी ती करणे मला बरे वाटते.

घोषणेनंतरही टीव्ही लायसन्सिंगचा एखादा अधिकारी खात्री करून घेण्यासाठी घरी येऊ शकतो. तो पोलिस नसतो. आपल्या परवानगीशिवाय त्याला घरात येण्याचा अधिकार नाही. त्यासाठी न्यायालयाचे वॉरंट लागते. त्याचे ओळखपत्र पाहावे, सभ्यपणे बोलावे, घरात घ्यायचे की नाही ते आपण ठरवावे. जे विचारले जाईल त्याचे उत्तर द्यायचे ठरवले तर खरेच द्यावे, आणि न समजलेल्या इंग्रजी जबाबावर सही कधीही करू नये. हे मी विशेषतः घरी असणाऱ्या स्त्रियांसाठी आणि भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी लिहीत आहे. कायदा संच वापरणाऱ्याला जबाबदार धरतो, लायसन्स ज्याच्या नावावर असायला हवे होते केवळ त्यालाच नव्हे. आणि दिवसा दार उघडणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असते. या गुन्ह्यात शिक्षा होणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असण्याचे ते एक कारण आहे. म्हणून लायसन्स सोडल्याची गोष्ट एकट्याने ठरवून एकट्यापाशी ठेवू नये. पोच कुठे ठेवली आहे, आपण काय घोषित केले आहे आणि दारावर कोणी आले तर काय बोलायचे, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मराठीत समजावून सांगावे.

लायसन्स नसताना थेट पाहिल्याचे सिद्ध झाले, तर इंग्लंडमध्ये १,००० पौंडांपर्यंत दंड आणि त्यावर न्यायालयाचा खर्च होऊ शकतो. बहुतेक प्रकरणे टपालानेच चालतात. नोटीस आल्यावर २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि पाकीट न उघडता ठेवले तर आपल्या गैरहजेरीत निकाल लागतो. हा दंड वाहन चुकीच्या जागी उभे केल्याच्या दंडासारखा नाही, तो फौजदारी गुन्ह्यासाठीचा आहे. कायम वास्तव्याच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात शिक्षा आणि दंडांविषयी विचारले जाते, तेव्हा व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाने ‘एखादा सामना पाहिला तर कोणाला कळणार आहे’ असा विचार मनातही आणू नये.

पुन्हा गरज पडली तर लायसन्स परत घेता येते, आणि ते थेट पाहण्याच्या आधी घ्यायचे असते, नंतर नव्हे. विश्वचषकाच्या वेळी लायसन्स घेऊन स्पर्धा संपल्यावर ते रद्द करणे आणि उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा मागणे नियमांत बसते. घर बदलले तर नव्या पत्त्याची घोषणा नव्याने करावी, कारण जुन्या पत्त्याची घोषणा आपल्याबरोबर येत नाही, आणि नव्या घरात आधीच्या भाडेकरूच्या नावाची पत्रे येत राहतात. भारतात कायमचे परतणाऱ्या कुटुंबांनी तर निघण्यापूर्वी महिनाभर आधीच हे काम हाती घ्यावे: लायसन्स रद्द करून परताव्याचा अर्ज द्यावा, आणि परताव्याची रक्कम जमा झाल्याचे पाहिल्यावरच इथले बँकेचे खाते बंद करावे.